वसई जिंकली 1739 मध्ये, मग बंदर कुठे गेलं?

गवाक्ष (धागाकर्ता), रविवार सकाळी 9:40

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आज टाकतोच.

वसई म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, चिमाजीअप्पा आणि लोकलची गर्दी. मधला काळ कुठे गेला, कुणी विचारत नाही. गुजरातच्या बहादूरशाहाने 23 डिसेंबर 1534 च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. तिच्याबरोबर मुंबईची बेटंही गेली. म्हणजे पुढची सव्वाशे वर्षं मुंबई ही वसईच्या अखत्यारीतली एक किरकोळ जागा होती! गोव्याच्या खालोखाल मान वसईचा. पोर्तुगीज तिला 'उत्तरेचा दरबार' म्हणायचे. चौल, साष्टी (खाडीपलीकडचं बेट), दमण इकडच्या सगळ्या मुलखाचा कॅप्टन इथे बसायचा. तटाच्या आत कथीड्रल, जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्यांची आपापली चर्च आणि मठ. बाहेर खाडी, खाडीतून कल्याणपर्यंत पाणवाट.

मे 1739 मध्ये किल्ला मराठ्यांनी घेतला. आज आत गेलात तर छप्पर नसलेल्या भिंती, वडाच्या मुळ्या आणि प्री-वेडिंगवाले फोटोग्राफर.

माझं मत सरळ लिहितो, रागावू नका. वसई आपण जिंकली, पण बंदर म्हणून चालवली नाही. भगवा फडकवला, चर्चच्या घंटा काढून नेल्या, विषय संपला. पटत नसेल तर मुद्द्याने खोडून काढा.


टवाळ_विरारकर, रविवार सकाळी 9:52

मधला काळ वसई रोड स्टेशनच्या जिन्यावर अडकलाय. पुढचा माणूस सरकला की येईल.


इतिहासवेडी, रविवार सकाळी 11:15

गवाक्ष, तुमच्या मांडणीत एक गृहीतक लपलंय. 1739 पर्यंत वसई भरभराटीत होती आणि मग अचानक कोसळली, असं. तसं नाही हो.

जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी 1695 मध्ये वसईत आला होता. त्याने लिहून ठेवलंय की साथीच्या रोगाने शहराचा मोठा भाग ओस पडलाय. त्याच्याही वीस वर्षं आधी, 1674 मध्ये, मस्कतच्या अरबांची टोळी वसईला उतरली. तटाबाहेरची चर्च त्यांनी लुटली आणि शिबंदी दरवाजे लावून आत बसून राहिली. ज्या 'दरबाराला' आपल्या वेशीबाहेरचं देऊळ राखता येत नाही, त्याचा दरारा तेव्हाच संपला होता.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे मुंबईच्या हस्तांतराचा. 1661 च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, पण ताबा द्यायला गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो तयारच होईना. टाळाटाळ करत करत 1665 मध्ये दिली एकदाची. तेव्हा त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवलं की इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असं समजा. माणूस बरोबर होता. फक्त त्याच्या आधी वसई जाणार होती.


गवाक्ष, रविवार सकाळी 11:40

साथ काय, लूट काय, सुरतेलाही झाली. सुरत शंभर वर्षं तगली ना त्यानंतर? गाव आजारी होतं असं म्हणा हवं तर, पण औषध कोणी दिलं नाही हा माझा मुद्दा उरतोच.


मोडीवाचक, रविवार दुपारी 1:05

"औषध दिलं नाही" म्हणणं सोपं आहे. जरा त्या काळात जाऊन बघू.

मोहीम सुरू झाली 1737 ला. त्या वर्षी ठाणं आणि साष्टी आली, वसईला मात्र दोन वर्षं गेली. शेवटी तटाखाली सुरुंग लावून भगदाडं पाडली तेव्हा कुठे आतल्यांनी निशाण टाकलं. माणसं किती पडली याची कल्पना करा. आणि अटी काय दिल्या? शिबंदीने सन्मानाने, आपली चीजवस्तू घेऊन जावं, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा. जिंकलेल्या गावाची राख केली नाही.

पुढे शंकराजी केशव फडक्यांकडे सुभा आला. वसाहत बसवायचे, कर माफ करायचे प्रयत्न झाले. बंदरावर जकात घेतली जात होतीच. पण पेशव्यांचं आरमार म्हणजे काय होतं? खरी दर्यावर्दी ताकद आंग्र्यांची, तिथे संभाजी-मानाजी भावाभावांत जुंपलेली. 1756 मध्ये तुळाजी आंग्र्याचा बंदोबस्त करायला पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रावरचा आपला शेवटचा हुकमी एक्का आपणच फाडला. मग वसईच्या बंदरात माल आणणाऱ्या गलबताला संरक्षण कोण देणार?

तेव्हा चूक झालीच असेल तर ती वसईत नाही, विजयदुर्गात झाली.


पणजीवाली, रविवार दुपारी 1:30

अवांतर, पण राहवत नाही. जुन्या गोव्याच्या बॉं जेझस चर्चच्या दर्शनी भागावर काळा दगड दिसतो ना, नक्षीचा? तो वसईचा. आमचा जांभा कोरीव कामाला ठिसूळ, म्हणून कोरायचा दगड वसईहून गलबतांनी यायचा. चर्चचं काम 1594 ला सुरू झालं, 1605 ला पुरं. म्हणजे वसईचं बंदर भरात असताना नुसते मसाले नाही, पत्थर निर्यात करत होतं. दर वर्षी लाखो माणसं त्या चर्चसमोर फोटो काढतात आणि वसईच्या दगडासोबत काढतात हे कुणालाच ठाऊक नाही.


टवाळ_विरारकर, रविवार दुपारी 1:34

दगड गोव्याला, घंटा देवळांत, पोरं अंधेरीला नोकरीवर. वसईने फक्त निर्यातच केली म्हणायची.


राजेळी, रविवार दुपारी 4:20

मी आगाशीकडची. आमचं घराणं कॅथलिक, बोलणं मराठी, मिस्साही मराठीत. धागा वाचून थोडी चिडचिड झाली म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे 'वसई' म्हणता तेव्हा फक्त तटाच्या आतली वसई डोळ्यांपुढे असते. ती मूठभर फिदाल्गोंची, म्हणजे पोर्तुगीज सरदारांची. पोर्तुगीज राजाने त्यांना गावंच्या गावं वतनासारखी दिली होती. ते आत वाड्यांत राहायचे आणि बाहेरच्या कुळांच्या घामावर जगायचे. ते गेले, किल्ला ओस पडला. बरं झालं म्हणावं का, तर तसंही नाही, पण वसई ओस पडली नाही! कुळं होती तिथेच राहिली. वाडवळ, सामवेदी, कुपारी, कोळी, आगरी. किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतचा पट्टा कधी ओस नव्हता.

आमच्याकडे प्रत्येक वाडीत बावखल असायचं. नुसता खड्डा नाही, पावसाचं पाणी साठवणारं चांगलं ऐसपैस तळं, कडेला रहाट, आणि त्या पाण्यावर पानमळे, केळी, फुलं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून विहिरी गोड, ते या बावखलांमुळे. माझी आजी मोगरा आणि तगर घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची. टोपली डब्यात चढवायला चार हात पुढे यायचे. आमच्या मागच्या पिढ्यांना बंदर बुडाल्याची खबरही नसेल, कारण बंदरातून येणारा पैसा त्यांच्यापर्यंत कधी आलाच नव्हता.


खवय्या_ठाणेकर, रविवार दुपारी 4:31

राजेळीताई, आयडी वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. सुकेळी अजून मिळतात का हो आगाशीला?


राजेळी, रविवार दुपारी 5:02

मिळतात, पण करणारी घरं हाताच्या बोटांवर उरलीत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, रोज उलटायची, रात्री आत घ्यायची. ऊन कडक असेल तर आठवडाभरात काळसर-सोनेरी होतात, हाताला मधासारखा चिकट पाक लागतो. मग केळीच्याच सुक्या पानात घट्ट गुंडाळून बांधायची. ढग आला की सगळं कुटुंब धावत सुटतं. कारखान्यातल्या ड्रायरमधली पण मिळतात आता. ती घेऊ नका, रबर चावल्यासारखं वाटतं.


खवय्या_ठाणेकर, रविवार दुपारी 5:05

पुढचा रविवार ठरला. किल्ल्याचं बघू नंतर.


जहाजवाला, रविवार रात्री 9:18

मी व्यवसायाने शिपिंगमधला, त्यामुळे इतिहासापेक्षा पाण्याकडे आधी बघतो.

बंदर चालायला तीन गोष्टी लागतात. खोल आणि आडोशाचं पाणी, पाठीमागचा माल, आणि व्यापारी. वसईकडे पहिली गोष्ट बेताची. उल्हास नदीची खाडी मुखाशी रेती टाकते, भरतीशिवाय मोठं जहाज आत येणं जिकिरीचं. सोळाव्या शतकातल्या गलबतांना ते चाललं, जहाजं वाढली तसं परवडेना. मुंबईचं बंदर बेटाच्या पूर्वेकडे, मोसमी वाऱ्यापासून आडोशाला, आणि खोल. नकाशा पाहिलात तर लढाई न करताच मुंबई जिंकलेली दिसते.

दुसरी गोष्ट वसईकडे होती. साग, मीठ, भात, दगड, कल्याणकडचा माल. त्या खाडीची चावी वसईकडे होती म्हणून तर शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली तेव्हा पोर्तुगीजांची झोप उडाली. महाराजांच्या कामावर असलेले पोर्तुगीज कारागीर, लैताव व्हिएगस बाप-लेक आणि त्यांची माणसं, वसईकरांनी फूस लावून पळवून नेले.

पण तिसरी गोष्ट, व्यापारी! तिथे वसईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर (1669 ते 1677) काय करत होता बघा. बनिया, पारशी, आर्मेनियन, ज्यू, जो येईल त्याला या म्हणत होता. दीवचा निमा पारख नावाचा बनिया व्यापारी 1677 मध्ये कंपनीकडून चक्क लेखी करार घेऊन आला. आमच्या धर्मात ढवळाढवळ नको, आमच्या घराजवळ गाय मारायची नाही, आमची प्रेतं आमच्या रीतीने जाळू द्या, कुणाला जबरदस्तीने ख्रिस्ती करायचं नाही. कंपनीने मान्य केलं. दीव कुणाच्या ताब्यात? पोर्तुगीजांच्या! तिकडचा पैसेवाला माणूस इकडे का आला, ते या अटींतच लिहिलंय.


मोडीवाचक, रविवार रात्री 9:40

जहाजवाल्यांना जोरदार अनुमोदन. हिंदूंची पोरकी मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करायचा पोर्तुगीजांचा कायदाच होता. बाप मेला की मूल सरकारजमा. असल्या राज्यात कोणता सावकार पेढी काढेल? पोर्तुगीजांनी वसई 1739 ला गमावली नाही, त्याच्या आधी साठ-सत्तर वर्षं ती रोज थोडी थोडी मुंबईला देत होते.


सत्यशोध_77, रविवार रात्री 10:11

म्हणजे शेवटी इंग्रज किती थोर हेच सांगायचंय ना? धागा काढायचा वसईच्या विजयाचा आणि आरती ओवाळायची कंपनी सरकारची. आणि ते ताईंचं "फिदाल्गो वाईट पण चर्च चांगलं" हेही छान.


राजेळी, रविवार रात्री 10:25

असं मी कुठे लिहिलंय, ओळ दाखवा. माझ्या पूर्वजांना कोणी कोणत्या साली पाणी शिंपडलं त्याचा जाब मला आज विचारू नका. मला बावखलाचा विचारा, उत्तर देईन.


टवाळ_विरारकर, रविवार रात्री 10:27

पॉपकॉर्न संपले. सुकेळी आहेत का कुणाकडे?


व्यवस्थापक, रविवार रात्री 10:50

सत्यशोध_77, विषयावर लिहा. दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चाललाय, त्याचं धर्मयुद्ध करू नये ही विनंती.


सिंगापूरची_सून, सोमवार सकाळी 7:30

काल रात्रीच वाचला धागा. आमच्याकडून बसने काही तासांवर मलाक्का आहे. तिथे गेलं की मला दर वेळी वसई आठवते. पोर्तुगीजांनी 1511 मध्ये घेतलं, डचांनी 1641 मध्ये हिसकावलं, 1824 च्या तहात कायमचं इंग्रजांकडे गेलं. एके काळी सगळ्या पूर्वेचा माल तिथून जायचा. मग इंग्रजांनी आधी पेनांग उभं केलं, 1819 मध्ये सिंगापूर काढलं, आणि मलाक्काच्या नदीमुखात गाळ साचत राहिला.

गंमत म्हणजे मलाक्काचा किल्ला इंग्रजांनी 1807 मध्ये स्वतःच सुरुंगाने उडवला. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून. त्यातला एक दरवाजा तेवढा उरलाय, आणि त्या एका दरवाजावर त्यांनी अख्खं पर्यटन उभं केलंय! 2008 मध्ये शहर युनेस्कोच्या यादीत गेलं. आपल्याकडे तट आहे, बुरूज आहेत, दर्या दरवाजाचं खिळ्यांचं लाकडी दार आहे, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज थडगी आहेत ओळीने. मागच्या वेळी गेले तेव्हा त्यांतल्या एका थडग्यावर, कोरलेल्या राजचिन्हाच्या बरोब्बर वर, कुणीतरी केक कापून ठेवला होता. क्रीम अक्षरांच्या खाचांत गेलेलं.


इतिहासवेडी, सोमवार सकाळी 8:05

मलाक्काचं उदाहरण नेमकं आहे. तिथेही राज्य बदललं म्हणून नव्हे, शेजारी नवीन बंदर आलं म्हणून जुनं मागे पडलं.


गवाक्ष, सोमवार सकाळी 8:40

पण मलाक्काला डचांनी आणि इंग्रजांनी निदान गाव म्हणून जिवंत ठेवलं. आपण काय ठेवलं? घंटा नेल्या हे तर कुणी नाकारत नाहीये.


अप्पा_गोदाकाठ, सोमवार सकाळी 9:10

घंटेबद्दल नाशिककराने गप्प बसावं हे शक्य नाही. रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या देवळातली ती प्रचंड घंटा वसईचीच मानतात. गोदेला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते आम्ही त्या घंटेवरून सांगतो. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक आहे, भीमाशंकरला एक. चर्चची घंटा महादेवाच्या दारात अडीचशे वर्षं वाजतेय. वितळवून तोफा ओतल्या असत्या तर आज बोलायला तरी काही उरलं असतं का?


रुळांवरचा_गप्पिष्ट, सोमवार दुपारी 12:20

एवढे प्रतिसाद आले आणि खऱ्या गुन्हेगाराचं नाव कुणी घेतलं नाही. रेल्वे!

1780 च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली, 1782 च्या सालबाईच्या तहात ती परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांनी ठेवून घेतली. म्हणजे खाडीचा एक काठ आपला, एक त्यांचा. मग 31 डिसेंबर 1802 चा वसईचा तह, दुसऱ्या बाजीरावाने सही केलेला. कागदावर वसईचं नाव शेवटचं मोठं झालं ते तिथे, आणि तेही कसल्या कामासाठी! 1818 नंतर तर राजकीय महत्त्वही संपलं.

तरी वसई गाव, म्हणजे किल्ल्याजवळचं मूळ गाव, बाजारपेठ म्हणून तग धरून होतं. 1864 मध्ये बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे मुंबईपर्यंत आली, खाडीवर पूल पडले. पण रूळ गेले गावापासून चांगले लांबून, पूर्वेकडून. म्हणून स्टेशनचं नाव वसई नाही, वसई 'रोड'. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे इथे उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनला पहिली लोकल धावली. दिवसाला एक जायला, एक यायला. त्या दिवसापासून वसईचं तोंड समुद्राकडून रुळांकडे फिरलं ते फिरलंच. केळी, पानं, फुलं, दूध, मासळी, सगळं गाडीने. गलबताची वाट कोण बघणार?


टवाळ_विरारकर, सोमवार दुपारी 12:24

दिवसाला एक जायला, एक यायला! आणि तरी चौथ्या सीटवर कुणीतरी म्हणालंच असेल, "जरा सरकून घ्या."


मंजिरी_माणिकपूर, सोमवार दुपारी 3:15

रुळांवरच्या मुद्द्याचा पुढचा अंक मी बघितलाय. आमचं कुटुंब नव्वदच्या दशकात गिरगावातून इथे आलं, कारण गिरगावात खोली वाढत नव्हती आणि माणसं वाढत होती. तेव्हा इथे शेतातून पायवाटेने स्टेशन गाठायचो. 1990 मध्ये वसई-विरार पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे गेलं, बिल्डरांना रान मोकळं झालं. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसईचं आंदोलन पेटलं, हजारो माणसं रस्त्यावर आली. पश्चिमेचा जो काही हिरवा पट्टा उरलाय तो त्या लोकांमुळे. 2009 मध्ये महापालिका झाली, तेव्हाही गावं वगळा म्हणून मोठा लढा झाला. 2011 च्या जनगणनेत पालिका हद्दीत 12 लाखांवर माणसं. पोर्तुगीजांनी, मराठ्यांनी, इंग्रजांनी मिळून पाहिली नसतील एवढी!

जुलै 2018 चा पूर आठवतो? मिठागरातली माणसं पाण्यात अडकली होती, आमच्या सोसायटीत तळमजला पाण्याखाली, आणि आमचा बिल्डर फोन उचलत नव्हता. पाणी जायच्या वाटाच भरून टाकलेल्या. राजेळीताई म्हणतात ती बावखलंही कित्येक ठिकाणी बुजवली. बंदर गाळाने भरलं म्हणता ना, बाकी सगळं आम्ही डेब्रिजने भरलं.


राजेळी, सोमवार दुपारी 3:40

मंजिरी, टाळी. आणि बाहेरून आलेल्यांनी हे लिहावं याचं जास्त बरं वाटलं.


पाचूबंदरचा_पोऱ्या, सोमवार रात्री 11:05

दोन दिवस वाचतोय. बंदर मेलं, बंदर कुठे गेलं, बंदर का बुडालं. अहो, आज पहाटे मी त्याच बंदरातून बोट काढली.

पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा, शेकडो बोटी आहेत इकडे. किल्ल्याच्या तटाला लागून आमची घरं. बोंबील वाळवायच्या वलांड्या एकदा येऊन बघा, वास सहन होत असेल तर. डोल (जाळं) लावायला भरती-ओहोटीचा हिशेब आजही आजोबांनी शिकवला तोच. जहाजवाल्यांनी लिहिलेला गाळ पुस्तकातला नाही. भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत मुखाशी पाणी इतकं कमी की बोट रेतीला घासते, पंखा मोडला तर दुरुस्तीला आठवडा जातो. ओहोटीला परत आलो तर मासळी बोटीत आणि आम्ही खाडीबाहेर ताटकळत. बर्फ वितळतो, भाव पडतो. गाळ काढा म्हणून किती अर्ज दिले त्याची चळत माझ्या तांडेल काकांच्या ट्रंकेत आहे.

व्यापारी गेले, फिदाल्गो गेले, सुभेदार गेले. खाडी वापरणारे आम्ही चिमाजीअप्पांच्या आधीपासून आहोत. आता वाढवणला मोठं बंदर होणार, 2024 ला मंजुरी मिळाली, 76,220 कोटींचं. पुन्हा उत्तर कोकणात बंदर येणार म्हणून काही जण खूश आहेत. डहाणूपासून इकडे सगळ्या मच्छीमारांना विचारा, डोल कुठे लावायची ते कुणी सांगितलंय का?


जहाजवाला, सोमवार रात्री 11:30

पोऱ्या, हा धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद. माझ्या 'तीन गोष्टीं'मध्ये मासेमारी मी धरलीच नव्हती, कारण आम्ही शिपिंगवाले टनांत मोजतो. आणि गाळाबद्दल पूर्ण सहमत. खाडीत भराव, वर रेतीउपसा, मुखाशी ड्रेजिंग नाही, दुसरं काय होणार.


खवय्या_ठाणेकर, सोमवार रात्री 11:41

सुके बोंबील थेट तुमच्याकडून मिळतील का? रविवारी येतोच आहे.


पाचूबंदरचा_पोऱ्या, सोमवार रात्री 11:44

मिळतील. पिशवी जाड आणा, लोकलमध्ये लोक उठवतील.


रुळांवरचा_गप्पिष्ट, मंगळवार सकाळी 8:10

खवय्या, लोकल कशाला? फेब्रुवारी 2024 पासून भाईंदर-वसई रोरो सुरू आहे. ठाण्याहून घोडबंदरमार्गे भाईंदरला या, गाडी बोटीवर चढवा, पंधरा-वीस मिनिटांत किल्ल्याच्या धक्क्याला. रस्त्याने गेलात तर हायवेला वळसा घालून तास-दीड तास, घोडबंदर रोडच्या कृपेने जास्तच.

एक भाबडा मुद्दा. दीडशे वर्षांनी वसईत पुन्हा किल्ल्याकडून, पाण्याच्या वाटेने, माणसं उतरतायत. रेल्वेने पाठ फिरवली होती ती बाजू.


टवाळ_विरारकर, मंगळवार सकाळी 8:15

उतरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "स्टेशनला रिक्षा कुठून मिळेल?"


गवाक्ष, मंगळवार रात्री 9:30

सगळ्यांचे आभार. उत्तरं वाचून माझं मत सोडत नाही, पण जागा बदलतो.

व्यापारी पोर्तुगीजांनी घालवले, खोल पाणी मुंबईकडे होतं, रूळ गावाबाहेरून गेले. हे सगळं मान्य. तरी 1739 ते 1780 ही चाळीस वर्षं उरतात. निमा पारखसारखी माणसं मुंबईत अटी घालून राहत होती. त्यांना वसईत कुणी बोलावलं? धर्माची अडचण तर आता नव्हती. लवजी नसरवानजी वाडिया 1735-36 च्या सुमारास सुरतेहून मुंबईत गोदी बांधायला आला, वसई पडायच्या चार वर्षं आधी. एक लवजी आपल्याला वसईसाठी का मिळू नये? साग मागच्या जंगलात, सुतार गावात. मोडीवाचक, विजयदुर्ग झालं 1756 ला, त्याआधीच्या सतरा वर्षांचं काय?


मोडीवाचक, मंगळवार रात्री 10:20

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की पेशव्यांना वसई बंदर म्हणून हवीच नव्हती. साष्टीचं भात, खाड्यांची नाकेबंदी आणि फिरंग्यांचा उपद्रव बंद, एवढ्यासाठी ती मोहीम होती, आणि तेवढं साधलं. बाजीराव 1740 मध्ये गेले, त्याच साली काही महिन्यांत चिमाजीअप्पाही गेले. पुण्याचं सगळं लक्ष उत्तरेकडे. पेशवाईचा पैसा चौथाईतून आणि सावकारी कर्जातून यायचा. जहाजात पैसे गुंतवून दोन वर्षं वाट बघायची सवय त्या दरबाराला नव्हती. लवजीला बोलावलं असतं तरी त्याचा पगार कुठल्या महालाच्या वसुलीवर लावायचा, यावरच फडात सहा महिने गेले असते.


इतिहासवेडी, मंगळवार रात्री 10:31

आणि तो पगार थकला असता. हे लिहायचं राहिलं तुमचं.


मोडीवाचक, मंगळवार रात्री 10:33

ते गृहीत धरलं होतं.


खवय्या_ठाणेकर, मंगळवार रात्री 10:58

रोरोला दुचाकीचे वेगळे पैसे पडतात का? आणि ओहोटीला फेरी रद्द होते का, की पोऱ्याला विचारून निघू?


पाचूबंदरचा_पोऱ्या, मंगळवार रात्री 11:12

वेळापत्रक आधी बघून घ्या. रविवारी सकाळी या, संध्याकाळी नको. आणि इतिहासवाल्यांना पण आणा, वलांडीखाली बसून भांडू.